मांडव्यापासून रेडीपर्यंत समुद्राकडेने: नऊ दिवसांची ट्रिप कशी आखायची

दरवर्षी दिवाळी झाली की ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच, की आम्हाला गाडी घेऊन कोकणात किनाऱ्याकिनाऱ्याने पार खालपर्यंत जायचंय, जरा प्लॅन सांग ना. मग मी व्हॉट्सअ‍ॅपवर तुकड्यातुकड्याने लिहीत बसते, म्हणून या वेळी सगळं एकदाच लिहून काढलं. आम्ही ठाण्याचे, मी आणि नवरा आलटूनपालटून चालवतो, मागे सासूबाई आणि नववीतली लेक, गाडी साधी हॅचबॅक. हा पूर्ण रस्ता एकदा सलग केलाय आणि बाकी वेळा तीन-तीन, चार-चार दिवसांचे तुकडे.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, कारण तिच्यामुळेच बहुतेकांचा प्लॅन दुसऱ्या दिवशी कोलमडतो. या रस्त्यावर किलोमीटरवरून वेळ काढायची नाही, खाड्यांवरून काढायची. कुंडलिका, राजपुरी, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, वाघोटन, कर्ली, प्रत्येक खाडी रस्ता कापते आणि मग एकतर पूल, नाहीतर फेरीबोट, नाहीतर लांबचा वळसा. हरिहरेश्वरच्या पलीकडे बाणकोट डोळ्यांना दिसतं, पण बोट चुकली तर आंबेत-म्हाप्रळवरून सगळं फिरून यावं लागतं. दाभोळला उभं राहिलं की समोर धोपावे, बोटीने दहा-पंधरा मिनिटं, आणि रस्त्याने चिपळूणवरून शंभराच्या वर किलोमीटर. गूगल मॅपवर नुसतं अलिबाग ते वेंगुर्ला टाकलंत तर तो तुम्हाला सरळ नेऊन हायवेवर घालेल, समुद्राचं दर्शनही होणार नाही. म्हणून मॅपमध्ये एका वेळी एकच टप्पा टाकायचा, पुढच्या गावापर्यंतचा, आणि वेग ताशी पंचवीस-तीस धरायचा. दिवसाला ऐंशी ते शंभर किलोमीटर म्हणजे भरपूर झालं. हे ऐकून लोक हसतात आणि मग हर्णैच्या अलीकडेच अंधार पडल्यावर फोन करतात.

कधी जायचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात सुखाचं, हवा छान आणि समुद्र शांत. कासवं बघायची असतील तर फेब्रुवारीअखेर ते एप्रिल. आंबा खायचा असेल तर एप्रिल-मे, पण मग उकाडा आणि गर्दी दोन्ही गृहीत धरा. पावसाळ्यात कोकण अप्रतिम असतं हे खरंच, पण जंजिरा, सिंधुदुर्ग या जलदुर्गांच्या बोटी जूनपासून बंद असतात, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असल्यामुळे ताजे मासेही फार मिळत नाहीत, त्यामुळे पहिल्यांदा जाताय तर पावसाळा नको. ख्रिसमस ते न्यू इयरचा आठवडा मी स्वतः टाळते. गणपतीत सगळं कोकण घरी आलेलं असतं, तेव्हा पाहुणे म्हणून जायचंच असेल तर कोणाच्या तरी घरी जा, फिरायला नको. शिमग्यात गावागावात पालख्या नाचतात, रस्ता थांबतो, तर थांबायचं, गाडी बाजूला लावून बघायचं, त्यात हॉर्न वाजवायचा नाही. आणि आंगणेवाडीची जत्रा, मसुऱ्याजवळची भराडी देवीची, तिची तारीख ठरलेली नसते, देवीचा कौल घेऊन ठरते आणि मग जाहीर होते, साधारण फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास असते. त्या दोन-तीन दिवसांत मालवण-कुडाळ भागात खोली मिळणं मुश्कील, तेव्हा तारखा ठरवायच्या आधी ती बघून घ्या.

आता भरती-ओहोटी. हे मला श्रीवर्धनच्या एका मासेवाल्या मावशींनी शिकवलं आणि तेव्हापासून मी तारखांच्या आधी कॅलेंडरवर तिथी बघते. तिथीचा आकडा घ्यायचा, तीनने गुणायचा, चारने भागायचा, जे येईल ती भरतीची वेळ. म्हणजे अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. पंचमीला पावणेचार, एकादशीला सव्वाआठ. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, नेमकी वेळ हवी असेल तर मोबाईलवर भरतीचे तक्ते मिळतात, पण नेटवर्क नसलेल्या ठिकाणी हा हिशोब फार कामाला येतो. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, म्हणजे पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. हे सगळं का सांगतेय, तर हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटीलाच करायची असते, हेदवीची बामणघळ भरतीलाच बघायची असते, आणि दोन्ही एकाच ट्रिपमध्ये असतात. तिथी बघून निघालात तर दोन्ही जमतात.

सुरुवात मुंबईकडून करत असाल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो घ्या. गाडी बोटीत, आपण वर डेकवर, तासाभरात मांडवा, पनवेल-पेण-वडखळचा सगळा ट्रॅफिक वाचतो. शनिवारी सकाळच्या फेऱ्यांना गाडीची तिकिटं आधीच संपतात, ऑनलाइन बुकिंग करून ठेवा आणि शक्य असेल तर ट्रिप मधल्या वारी सुरू करा. पुणेकरांनी मात्र मांडव्याच्या मागे लागू नये, ताम्हिणी घाटातून माणगाव-म्हसळा करत सरळ दिवेआगरला यावं, आणि तिथून खालचा रस्ता धरावा. मुरुड-जंजिरा वेगळ्या वीकेंडला होतं.

पहिला दिवस मांडवा ते मुरुड, अंतर सत्तरेक किलोमीटर. अलिबागमध्ये फार रेंगाळू नका, फक्त फेब्रुवारीनंतर जात असाल तर रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतात त्या घ्या, गोडसर असतो, कच्चाच खायचा. थंडीत गेलात तर पोपटीची चौकशी करा, मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, कोंबडी, वर भांबुर्ड्याचा पाला, आणि मडकं उलटं करून जाळ. पुढे रेवदंड्याचा पूल ओलांडला की कोर्लई. तिथे बहुतेक जण गाडीतूनच किल्ल्याकडे बघून काशिदला पळतात. कोर्लई गावातल्या ख्रिस्ती वस्तीत अजूनही पोर्तुगीजमधून तयार झालेली बोली घरात बोलतात, चारशे-पाचशे वर्षं टिकलेली, आजूबाजूला सगळी मराठी असताना. गावातून हळू चालत दीपगृहापर्यंत जा, तिथून किल्ल्यावर चढा. अर्धा-पाऊण तासाची चढण, पण वर गेलं की एका बाजूला खाडी आणि एका बाजूला समुद्र, आणि मधून सरकणाऱ्या होड्या. काशिदचा किनारा दिसायला देखणा आहे, पण पाणी फसवं आहे, घोट्याच्या वर जाऊ नका. लाइफगार्डने नाही म्हटलं की नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फणसाड की जंजिरा, यातलं एक निवडा. दोन्ही एका सकाळी होत नाही. जंजिरा इतिहासासाठी बघायलाच हवा, राजपुरीहून शिडाच्या होडीने जायचं, सकाळची पहिली होडी पकडायची, नंतर फार गर्दी होते. पण मला विचाराल तर फणसाड. मुरुडच्या मागे डोंगरात हे अभयारण्य आहे, १९८६ साली जाहीर झालेलं, त्याआधी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान. समुद्रापासून इतक्या जवळ इतकं दाट जंगल किनाऱ्यावर दुसरीकडे फारसं उरलेलं नाही. सुपेगावच्या बाजूने आत जायचं, वनखात्याच्या नाक्यावर नोंद करायची, गाईड घ्यायचाच. आत पाणवठ्यांना गाण म्हणतात, चिखलगाण, धरणाची गाण अशी नावं आहेत, आणि उन्हाळ्याकडे जाल तसं सगळं जंगल त्या गाणींभोवती गोळा होतं. शेकरू दिसण्याची शक्यता चांगली, झाडाच्या शेंड्यावरून शेंड्यावर उड्या मारणारी ती लालसर मोठी खार, आपला राज्यप्राणी. पण सकाळी लवकर, गप्प बसून, मोबाईल खिशात ठेवून. सासूबाईंनी पहिल्यांदा शेकरू बघितली तेव्हा त्या दिवसभर दुसरं काही बोलल्या नाहीत.

दुपारी आगरदांड्याला येऊन दिघीची बोट. इथे फेरीबोटींचं सांगून टाकते, कारण पुढे अशा आणखी तीन आहेत: बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. सगळ्यांची पद्धत तीच. जेटीवर गाडी रांगेत लावायची, तिकीट गाडीचं वेगळं आणि माणसांचं वेगळं, सुट्टे पैसे तयार ठेवायचे, बोटीवरचा माणूस हात करेल तशी गाडी चढवायची, काही वेळा रिव्हर्समध्ये घ्यावी लागते, घाबरायचं नाही, ते अगदी इंच-इंच सांगतात. हँडब्रेक ओढा, गियरमध्ये ठेवा. वयस्कर माणसांना जेटीवरच उतरवून चालत बोटीवर न्यायचं, आत गाड्या इतक्या चिकटून लागतात की दार उघडत नाही. आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे शेवटची फेरी किती वाजता आहे हे त्याच दिवशी सकाळी फोन करून विचारायचं, आदल्या वर्षीच्या माहितीवर जायचं नाही. आम्ही एकदा हर्णैला संध्याकाळचा माशांचा लिलाव बघत बसलो, दाभोळला पोचलो तर बोट समोरच्या काठाला लागलेली आणि ती शेवटची होती. गुहागरला ज्यांच्याकडे उतरणार होतो त्या काकूंनी मोदक करून ठेवले होते. परत दापोलीला जाऊन मिळेल त्या खोलीत झोपलो, आणि मला आजही त्या मोदकांचं वाईट वाटतं. तेव्हापासून बोटीच्या दिवशी शेवटच्या फेरीच्या दोन तास आधी जेटीवर, हा आमचा नियम. या खाड्यांवर पूल बांधायचं चालू आहे, रेवस ते रेडी सागरी महामार्गाचं स्वप्न अंतुले मुख्यमंत्री होते त्या काळापासूनचं आहे, त्यामुळे पुढेमागे चित्र बदलेल, तोवर बोटच.

दिघीहून दिवेआगर. इथे एक सावधगिरी, नावांची. दिघी आणि दिवेआगरच्या मध्ये एक वेळास आहे, आणि कासवांचं वेळास वेगळं, ते खाडीपलीकडे मंडणगड तालुक्यात. तसंच मुरुड दोन, एक जंजिऱ्याचं आणि एक दापोलीजवळ हर्णैच्या खाली, महर्षी कर्व्यांचं. मॅपमध्ये नुसतं वेळास किंवा मुरुड टाकून बुकिंग केलेली माणसं मला भेटलीत. नावापुढे तालुका बघायचा, खोली बुक करताना तर नक्कीच.

दिवेआगरला नारळी-पोफळीच्या वाडीत रहा. समुद्रासमोरचं हॉटेल घेण्यापेक्षा आळीतलं घर घ्या, संध्याकाळी वाडीला पाणी सोडतात त्याचा आवाज ऐकत पडवीत बसता येतं. होमस्टेचा हिशोब बहुतेक ठिकाणी माणशी असतो, नाश्ता आणि दोन जेवणं धरून की नुसती खोली हे फोनवरच स्पष्ट विचारा. जेवण नेहमी आधी सांगायचं, सकाळी फोन करून, किती माणसं, शाकाहारी किती. उकडीचे मोदक तर आदल्या दिवशी सांगावे लागतात. ऐनवेळी आठ जण जाऊन उभे राहिलात तर त्या घरातल्या बाईची किती धावपळ होते, ते एकदा स्वयंपाकघरात डोकावून बघा. ब्राह्मण आळ्यांतल्या खाणावळीत मासे मिळत नाहीत, त्यासाठी दुसरीकडे जायचं, तिथे हट्ट करायचा नाही.

तिसऱ्या दिवसाचा रस्ता हा या ट्रिपचा मुकुट आहे, म्हणून यावर जरा जास्त लिहिते. दिवेआगर, भरडखोल, शेखाडी, कोंडिविली, आरावी, श्रीवर्धन, जेमतेम वीस किलोमीटर, आणि बऱ्याच ठिकाणी रस्ता आणि समुद्र यांच्या मध्ये फक्त काळे खडक. अर्ध्या तासात होणाऱ्या या रस्त्याला आम्ही अडीच तास देतो. सकाळी आठच्या आत निघा, ऊन मागून येतं, समुद्र निळाशार दिसतो, आणि रस्त्यावर फक्त शाळेत जाणारी मुलं आणि टोपल्या घेऊन निघालेल्या कोळणी. भरडखोलला बंदरात होड्या लागल्या असतील तर पाच मिनिटं थांबा, पण जाळी सुकत घातलेली असतात त्यावरून गाडी जाणार नाही हे बघा, आणि बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. शेखाडीच्या वळणावर गाडी लावायला रुंद जागा आहे, दुसरीकडे मध्येच थांबवू नका, एसटी येते तेव्हा तिला पूर्ण रस्ता लागतो. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे, आणि भट घराण्यातला पहिला पेशवा बाळाजी विश्वनाथ इथलाच.

हरिहरेश्वरला देवळामागून पायऱ्या उतरून प्रदक्षिणेची वाट समुद्राच्या खडकांवरून जाते. लाटांनी खडकाला मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं पाडलीत, बघत राहावं असं आहे. पण भरती चढत असेल तर उतरायचं नाही, देवळातले लोक सांगतात ते ऐकायचं, तिथे लाटेने माणसं ओढून नेलेली आहेत. मग बागमांडल्याहून बोट, पलीकडे वेश्वी, बाणकोटचा छोटा किल्ला, आणि तिथून वेळास. नाना फडणविसांचं गाव, पण आता ओळख कासवांची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये इथे ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची घरटी वाचवायला सुरुवात केली. त्याआधी अंडी खाल्ली जायची, विकली जायची. आता गावातले लोकच रात्री किनारा फिरून अंडी सुरक्षित कुंपणात हलवतात, पन्नासेक दिवसांनी पिल्लं निघतात आणि सकाळी-संध्याकाळी ती पाण्याकडे सोडतात. पिल्लं दिसतीलच असं नाही, निसर्ग आहे, म्हणून निदान एक रात्र तिथे रहा म्हणजे संध्याकाळ आणि सकाळ अशा दोन संधी मिळतात. दोरीच्या मागे उभं राहायचं, फ्लॅश बंद, हात लावायचा नाही. आणि कुठल्याही किनाऱ्यावर, अगदी रिकाम्या, गाडी वाळूत घालू नका. वाळूखाली घरटं असू शकतं, आणि भरतीत रुतलेली गाडी काढायला मग सगळं गाव बोलवावं लागतं. कासवांचा सीझन नसेल तर वेळासला न थांबता केळशी किंवा आंजर्ल्याला मुक्काम करा.

चौथा दिवस. वेळासहून केळशीला यायला थोडं आत वळून यावं लागतं. केळशीत गाडी महालक्ष्मीच्या देवळापाशी ठेवून पाखाड्यांमधून, म्हणजे दगडी पायवाटांवरून चाला, दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, म्हणजे कुंपणाच्या भिंती, मागे आगरं, इतकं नेटकं गाव फार कमी बघायला मिळतं. तिथून आडे, पाडले, आंजर्ले हा पुन्हा समुद्राला चिकटलेला तुकडा, शेखाडीनंतर मला हाच सगळ्यात आवडतो. आंजर्ल्याला कड्यावरचा गणपती, तिथून खाली सुवर्णदुर्ग दिसतो. हर्णैचा लिलाव बघायचा तर बघा, पण घड्याळ बघत बघा, वर सांगितलंय ते विसरू नका. दापोलीत पेट्रोल भरा, एटीएम करा, औषधं घ्यायची असतील तर घ्या, मग दाभोळ, बोट, गुहागर. पेट्रोलबद्दल सरळ नियम म्हणजे टाकी अर्धी झाली की पुढच्या तालुक्याच्या गावात भरायची, मधल्या गावांच्या भरवशावर राहायचं नाही. सीएनजीवर तर अजिबात नाही. रोख पैसे ठेवा, यूपीआय सगळीकडे चालतं पण नेटवर्क गेलं की शहाळ्याचे पैसेही देता येत नाहीत.

गुहागरचा किनारा लांबलचक आणि सुरूच्या बनाचा आहे, सकाळी चालायला उत्तम. पाचव्या दिवशी वेळणेश्वर, मग हेदवी. दशभुज गणेशाचं देऊळ बघून खाली उमामहेश्वराच्या देवळाजवळ या, तिथे खडकात एक अरुंद लांब घळ आहे, तीच बामणघळ. पूर्ण भरतीला लाट त्या घळीत शिरते आणि वर फवारा उडतो, उधाणाच्या दिवशी तर केवढा तरी उंच. ओहोटीला गेलात तर नुसती भेग दिसेल आणि एवढ्यासाठी आलो का असं वाटेल. म्हणून आदल्या रात्री तिथीचा हिशोब. कडेला ओल्या खडकावर उभं राहू नका, लांबूनही तेवढंच छान दिसतं. मग तवसाळ-जयगड बोट, गणपतीपुळ्याला दर्शन, आणि पुढे आरे-वारे. खिंडीतून एकदम दोन किनारे समोर येतात तिथे सूर्यास्ताला पोचायचं असं गणित ठेवा. रत्नागिरीत मुक्काम.

रत्नागिरी शहराला अर्धा दिवस पुरे. थिबा पॅलेस, रत्नदुर्ग, टिळकांचं जन्मस्थान हे सगळ्यांना माहीत असतं, मुलं बरोबर असतील तर झाडगावचं मत्स्यालय चुकवू नका, सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राचं आहे, तिथे देवमाशाचा अख्खा सांगाडा ठेवलाय. माझ्या लेकीला किल्ल्यांपेक्षा तो जास्त लक्षात राहिला.

सहाव्या दिवशी भाट्याचा पूल ओलांडून पावस, पूर्णगड, कशेळी. कशेळीला कनकादित्याचं देऊळ, सूर्याची देवळं आपल्याकडे मोजकीच, लाकडी कोरीवकाम नीट बघा. आणि त्याच भागात सड्यावर कातळशिल्पं आहेत. सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, पावसाळ्यानंतर त्यावर रानफुलं असतात, नंतर नुसतं काळपट कातळ आणि वारा. त्या कातळावर हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी प्राणी, माणसं, आकृत्या कोरून ठेवल्यात. कशेळीचा हत्ती अठराएक मीटर लांबीचा आहे, त्याच्या पोटात आणखी किती प्राणी. उक्षी, देवाचे गोठणे, देवीहसोळ, बारसू अशी बरीच ठिकाणं आहेत, आणि २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर जा, तिरप्या उन्हात रेषा उठून दिसतात, भर दुपारी काहीच कळत नाही आणि तळपाय भाजतात. कोरलेल्या आकृत्यांवर पाय ठेवू नका, रेषांवर पाणी ओतून किंवा खडू फिरवून फोटो काढणारे लोक बघितलेत मी, कृपा करून तसं करू नका. गावात विचारलं की कोणीतरी बरोबर येतं, त्याला चहापाण्याचे पैसे द्या.

पुढे जैतापूर, आणि मग वाघोटन खाडी. विजयदुर्ग जवळ वाटतो पण पूल आतल्या बाजूला, तेव्हा एक तास जास्तीचा धरा. विजयदुर्गाला तटावरून पूर्ण फेरी मारा, तीन बाजूंना पाणी. मुक्काम देवगड किंवा कुणकेश्वर. एप्रिल-मे असेल तर हापूस थेट बागायतदाराकडून घ्या, पेटी उघडून दाखवायला सांगा, लगेच खायचे आणि घरी न्यायचे वेगळे मागा, ते बरोबर निवडून देतात. इथून बोली बदलते, होमस्टेमधल्या आजी "खंयसून इलास?" विचारतात, आणि ताटात घावणे, खोबऱ्याचा रस, बांगड्याचं तिखलं यायला लागतं.

सातवा दिवस मुद्दाम छोटा ठेवा, कुणकेश्वर, मिठबाव, आचरा, मालवण. आचऱ्याच्या रामेश्वराच्या देवळात दुपारी बसलं की झोप येते इतकं गार असतं. आठव्या दिवशी गाडी हलवायचीच नाही. सात दिवस सलग वळणं घेतल्यावर चालवणाऱ्यालाही विश्रांती लागते, आणि मालवणला करायला खूप आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी हे १९८७ साली जाहीर झालेलं सागरी अभयारण्य आहे, जवळजवळ २९ चौरस किलोमीटर, आणि किल्ल्याच्या आसपासचा भाग त्याचा गाभा. खाली प्रवाळ आहेत, त्यातून रंगीत मासे फिरतात, म्हणजे आपण ज्याला नुसता समुद्र म्हणून बघतो ते एक जंगलच आहे. स्नॉर्केलिंग करा, पोहता येत नसलं तरी होतं, पण पाणी स्वच्छ असताना, वारा पडलेला असताना, सकाळी. प्रवाळावर उभं राहायचं नाही, तो जिवंत असतो आणि वाढायला वर्षानुवर्षं घेतो. लाइफजॅकेट सगळ्यांना पुरत नसतील, बोटीत माणसं जास्त घेत असतील, तर पैसे दिलेले असले तरी उतरा. नीट शिकून स्कूबा करायचं असेल तर तारकर्लीला एमटीडीसीचं, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाचं केंद्र आहे, त्यांच्याकडे आधी चौकशी करा. सिंधुदुर्गावर शिवरायांच्या हाताचा आणि पायाचा ठसा आहे आणि शिवराजेश्वराचं देऊळ, तिथे सासूबाई बराच वेळ हात जोडून उभ्या होत्या, आम्ही कोणी घाई केली नाही.

नवव्या दिवशी चौकेवरून कर्लीचा पूल, परुळे, आणि वेळ असेल तर भोगवे किंवा निवतीचा एक फाटा, दोन्ही नको, एकच. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बायकांच्या बचत गटाने चालवलेली कांदळवनाची सफर आहे, वल्ह्याच्या होडीतून, इंजिन नाही, त्या स्वतः होडी चालवतात आणि प्रत्येक झाडाचं नाव सांगतात. भरतीच्या वेळी होडी आतपर्यंत जाते, म्हणून आधी फोन करा. मग शिरोडा, १९३०चा मिठाचा सत्याग्रह झाला ते गाव, मिठागरं रस्त्यावरून दिसतात, आणि शेवटी रेडीचा गणपती.

निघायच्या आधी गाडीत काय असावं, तर स्टेपनी तपासलेली, पंक्चर किट, टॉर्च, उलटीच्या गोळ्या, प्रत्येकाला एक पंचा, आणि कचऱ्यासाठी एक मोठी पिशवी, कारण बऱ्याच किनाऱ्यांवर कचराकुंडी नाही, आपला कचरा पुढच्या शहरापर्यंत आपल्याच डिकीत. बायकांसाठी म्हणून सांगते, स्वच्छ टॉयलेट पेट्रोल पंपावर किंवा जिथे जेवाल तिथे, प्रत्येक थांब्यावर जाऊन घ्या, पुढे मिळेल म्हणून टाळू नका. अंधारात गाडी चालवायची नाही, रस्ते अरुंद, गुरं रस्त्यावर बसलेली असतात आणि वळणापलीकडून डंपर येतो.

परत येताना किनाऱ्याने यायचा मोह नको. रेडीहून सावंतवाडी, तिथे जेवून लाकडी खेळणी घ्यायची तर घ्या, मग पुणेकरांनी आंबोलीवरून कोल्हापूर गाठावं आणि मुंबईकरांनी हायवे धरून चिपळूणला एक रात्र काढावी. आमसुलं, कुळथाचं पीठ आणि काजू सावंतवाडीच्या बाजारात घ्या, आंब्याच्या पेट्या डिकीत आडव्या ठेवू नका, आणि डिकीत जागा उरली असेल तर आमच्यासारखे नारळाची मोड आलेली दोन रोपं घ्या, ठाण्यात कुंडीत लागत नाहीत पण कोणाच्या तरी गावच्या परसात जागा निघतेच.